फिलाडेल्फियातील तीन हिवाळे



यंदाच्या स्मरणिकेसाठी तुम्हीही काही लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी हसले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावात शाळाच तेवढी होती. पुढच्या शाळेला दुसऱ्या गावी जावे लागे आणि मुलीला इतक्या लांब पाठवायची घरच्यांची तयारी नव्हती. स्मरणिकेत आजवर मी पाककृतीच दिल्या. चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचाराल तर झोपेतूनही सांगेन, पण इतिहासावर लिहिणे हे शिकलेल्या बायकांचे काम, अशी माझी समजूत. तरीही या वर्षी लिहिते आहे. मनात एक गोष्ट घर करून बसली आहे आणि ती तुमच्यापुढे मांडल्याखेरीज ती हलणार नाही.

आमची धाकटी जर्मनीत शिकायला गेली आहे हे तुम्हांला ठाऊक आहेच. तिला निरोप द्यायला तुम्ही सगळ्या आला होतात. गेल्या जानेवारीत एके रात्री तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. बघते तर पोरगी घरातच जाड कोट घालून, कानाला टोपी बांधून बसलेली! खोदून विचारले तेव्हा कळले, खोली तापवायचे यंत्र बिघडून अकरा दिवस झाले होते. म्हणाली, "आई, तू उगीच काळजी करशील म्हणून बोलले नाही." दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणींनी मिळून घरमालकाकडून दुरुस्ती करून घेतली. गोष्ट मिटली, पण मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. वेळ जावा म्हणून मंडळाच्या कपाटातून आधीच आणून ठेवलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र उघडले, आणि त्यात नेमके तेच निघाले: परदेशातली एकटी मुलगी, थंडगार खोली आणि न पेटणारी शेगडी.

आनंदीबाई आपल्या या कल्याणच्याच. त्यांच्यावरचा चित्रपट २०१९ साली आला तेव्हा आपण जणी जमवून पाहायला गेलो होतो आणि परतताना गाडीत सगळ्यांचेच डोळे ओले होते. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली आपली पहिली बाई आणि एकविसाव्या वर्षी अकाली मृत्यू, एवढे आपणा सर्वांना पाठ आहे. परंतु सुरुवात आणि शेवट यांच्या मध्ये जी तीन वर्षे गेली, त्यांत ती रोज सकाळी उठून काय करीत असेल, काय खात असेल, काय नेसत असेल, हा विचार मी तरी पूर्वी केला नव्हता. आज त्याच तीन वर्षांविषयी लिहिते.

आधी थोडी ओळख. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, बिजवर, आणि वयाने वीसएक वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. त्या काळी बाळंतिणीला पुरुष डॉक्टर पाहत नसे, आणि पाहील अशी बाई डॉक्टर मिळत नसे. आपण स्वतः डॉक्टर व्हावे हे त्यांच्या मनाने तेव्हापासून घेतले.

अमेरिकेशी त्यांचे नाते जुळले ते एका पत्रामुळे. १८७८ साली गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. मिशनऱ्याने मदतीऐवजी ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. पुढे न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे पाळीची वाट बघत बसल्या असता त्यांच्या हाती तो अंक आला. परक्या देशातली एक मुलगी शिकण्यासाठी तळमळते आहे, हे वाचून त्यांनी १८८० साली आपण होऊन आनंदीबाईंना पत्र घातले. पत्रे वाढत गेली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या दोघी, पण रक्ताच्या नात्याहून घट्ट झाल्या. आनंदीबाई कलकत्त्याकडे असताना त्यांना सारखी डोकेदुखी, अशक्तपणा आणि मधूनमधून ताप येई, तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधे धाडली होती. हे मुद्दाम लिहिले. निघतानाच त्यांची प्रकृती धड नव्हती, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवायची आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात अठराव्या वर्षात असलेल्या या मुलीने इंग्रजीत जाहीर भाषण केले. मी अमेरिकेला का जाते, हाच विषय. रस्त्याने चालताना लोक भोवती जमतात, हसतात, खडेही मारतात, हे तिने त्या सभेत सांगितले. हिंदू स्त्रियांना हिंदू डॉक्टरीणबाईंची किती गरज आहे हे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे वचन दिले. गोपाळरावांना नोकरी सोडून लगेच निघणे शक्य नव्हते. तेव्हा ७ एप्रिल १८८३ रोजी 'सिटी ऑफ कलकत्ता' या आगबोटीने आनंदीबाई नवऱ्यावाचून निघाल्या. सोबतीला होत्या मिशनरी बायका, म्हणजे भाषा, जेवण, देवधर्म सगळेच वेगळे. वाटेत लंडन करून ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास! आमची धाकटी मुंबईहून रात्री निघाली आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला पोचली, तरी मी देव पाण्यात ठेवले होते.

त्या न्यूयॉर्कला उतरल्या त्याच्या अकराच दिवस आधी, २४ मे १८८३ रोजी, तिथला जगप्रसिद्ध ब्रुकलिन पूल खुला झाला होता. जिकडे तिकडे त्या पुलाची चर्चा असेल. अशा गजबजलेल्या शहरात लुगडे नेसलेली, कुंकू लावलेली एक अठरा वर्षांची मुलगी उतरते आणि धक्क्यावर कार्पेंटरबाई तिला उतरवून घेतात. तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला मावशीच्या घरी काढला. या घरात त्यांना लेकीसारखे प्रेम मिळाले. पुढेही सुट्टी लागली की त्यांचा रस्ता रोझेलकडेच वळे. फिलाडेल्फियाहून रोझेल आगगाडीने काही तासांचे अंतर. प्रत्येक मुलीला माहेर लागते, ते त्यांना सातासमुद्रापलीकडे मिळाले.

१८८३ च्या शरदात त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. या कॉलेजाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. ते १८५० साली निघाले. बायकांना डॉक्टरकीची पदवी देण्यासाठीच काढलेले ते जगातले पहिले कॉलेज मानतात. आपल्याला वाटते, अमेरिका म्हणजे सुधारलेला देश, तिथे बायकांना काय अडचण? पण १८६९ साली या कॉलेजच्या विद्यार्थिनी शहरातल्या मोठ्या इस्पितळात व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या, आणि बाहेर पडल्यावर रस्त्याने त्यांचा पाठलाग केला. म्हणजे बंगाल्यात आनंदीबाईंच्या अंगावर खडे पडले, तर तिकडे गोऱ्या बायकांच्या अंगावर थुंकी पडली. शिकणाऱ्या बाईचा रस्ता कुठल्याही देशात झाडून ठेवलेला नव्हता.

या कॉलेजच्या त्या वेळच्या मुख्याध्यापिका म्हणजे डीन, रेचेल बॉडलीबाई. मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. आनंदीबाईंच्या अर्जातला निश्चय पाहून त्यांनी प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही मिळवून दिली. शिकण्याचा प्रश्न सुटला. आता राहण्याचा.

कॉलेजने त्यांच्यासाठी खोलीची व्यवस्था केली होती. खोलीत भिंतीतली शेगडी होती. पण ती शेगडी नीट चालत नसे. पेटवली की ऊब थोडी आणि धूरच खोलीभर. विझवली की थंडी. फिलाडेल्फियाची थंडी म्हणजे आपल्या माघातली गोड थंडी नव्हे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, बर्फ पडते आणि दिवसेंदिवस साचून राहते. आता आपण सगळ्या चुलीची माणसे. पावसाळ्यात ओली लाकडे चुलीत घातली की काय होते हे मी लहानपणी पाहिले आहे. डोळ्यांतून पाणी, छातीत कोंडते, आणि आई म्हणायची, जा गं, अंगणात जाऊन उभी राहा. फिलाडेल्फियातल्या मुलीला अंगण नव्हते. बाहेर बर्फ, आत धूर. दोन्हींतले एक निवडायचे आणि त्यातच पुस्तक उघडून बसायचे. आधीच नाजूक प्रकृती. खोकला आणि ताप यांनी तिला घेरले.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. मनात आले, हिने जोरात तक्रार का केली नाही? मग माझे मलाच उत्तर मिळाले. जी मुलगी सगळ्या समाजाचे टोमणे झेलून, मी करून दाखवीन असे भर सभेत सांगून निघाली, ती शेगडीची तक्रार कोणत्या तोंडाने करील? लोक म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? जिने मोठे धाडस केले, तिला लहान गाऱ्हाणे करायची चोरी होते. आमच्या धाकटीनेही तेच केले. मी तिला पाठवायला आधी फार विरोध केला होता. म्हणून अकरा दिवस तिने माझ्यापासून थंडी लपवली.

आता नेसण्याचे. आनंदीबाई नऊवारी नेसत. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. थंडीचे तर झालेच, शिवाय त्या देशात बाईच्या पोटऱ्या दिसणे हे अगदी अमर्यादपणाचे समजत. म्हणजे आपल्याकडे जे कुलीन बाईचे नेसणे, तेच तिकडे असभ्य ठरे! तिकडचा झगा घालावा तर घरी दिलेले वचन आड येते. यातून त्यांनी वाट काढली. गुजराती पद्धतीने पायघोळ लुगडे नेसायला सुरुवात केली. अंगही झाकले आणि आपला पोशाखही राहिला. पण आपण घरात बसून म्हणतो तितके ते सोपे नव्हते. एका नेसण्याच्या प्रकारासाठी त्यांना मनाशी आणि पत्रांतून घरच्यांशी किती झगडावे लागले असेल! आज आपल्यापैकी कोणी पंजाबी पोशाख घालून मंडळात आले तर कोणी वळूनही पाहत नाही. ही मोकळीक आयती आलेली नाही.

जेवणात त्यांनी शाकाहार सोडला नाही. मी स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेली बाई, त्यामुळे माझे डोके लगेच तिकडे चालते. बर्फाच्या दिवसांत तिथे हिरवी भाजी कुठून मिळणार? पाव, दूध, बटाटे, फार तर भात. वरण नाही, भाकरी नाही, लोणच्याची फोड नाही. दिवसभर उभे राहून शिकायचे आणि पोटात असे मिळमिळीत दोन घास. वचन पाळल्याबद्दल त्यांची स्तुती करणारे पुष्कळ झाले. त्या वचनापायी ताटात काय उरत होते, हे पाहणारे कोणी जवळ नव्हते.

पत्रे हा त्यांचा मोठा आधार, आणि कधी कधी मोठा तापही. हिंदुस्थानातून पत्र पोचायला महिना-दीड महिना लागे. आपण आज विचारलेल्या गोष्टीचे उत्तर तिसऱ्या महिन्यात. गोपाळरावांच्या पत्रांतून एकदा उत्तेजन असे, तर एकदा टोचणी. ज्या माणसाने बायकोला शिकवण्यासाठी जगाशी वैर घेतले, तोच तिच्यावर अविश्वासही दाखवी. याच काळात आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेले एक पत्र आहे. त्याचा आशय असा की, तुमचे माझ्याशी वागणे चांगले होते की वाईट, हे ठरवणे कठीण आहे. परिणाम पाहिला तर चांगलेच म्हणावे लागेल. पण दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या आणि पुस्तके फेकणे, सोडून जाण्याची धमकी देणे, हे त्या वयाच्या शरीराला आणि मनाला सोसण्याजोगे नव्हते.

भगिनींनो, हे पत्र त्यांनी कल्याणात, अलिबागेत किंवा कलकत्त्यात बसून लिहिले असते असे मला वाटत नाही. त्यासाठी मध्ये समुद्र पडावा लागला. परदेशाने त्यांना शरीरशास्त्र शिकवले, औषधे शिकवली, हे खरेच. पण झालेली गोष्ट शांतपणे, तोल न सोडता नवऱ्याला सांगण्याची हिंमतही त्यांना त्या धुराने भरलेल्या खोलीतच आली. मला त्यांच्या पदवीइतकेच हे पत्र मोलाचे वाटते.

अभ्यास तीन वर्षांचा. शरीरशास्त्र, शवविच्छेदन, रसायन, औषधे, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र. प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापक ॲना ब्रूमॉल या स्वतः नामांकित डॉक्टर होत्या. आनंदीबाईंचा ओढा अर्थातच या विषयाकडे. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला तो हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्रावर. त्यात त्यांनी आपल्या आयुर्वेदातील ग्रंथांचा आधार घेतला आणि अमेरिकन पुस्तकांचाही. चौदाव्या वर्षी ज्या बाळंतपणात मूल गमावले, त्याच विषयावर विसाव्या वर्षी शास्त्र म्हणून लिहायचे. वही उघडताना दर वेळी त्या दहा दिवसांच्या बाळाची आठवण येत नसेल का?

त्या वेळचे एक छायाचित्र सुदैवाने राहिले आहे. तारीख १० ऑक्टोबर १८८५. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. एकीकडे लुगड्यातील आनंदीबाई, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि दुसऱ्या बाजूला दमास्कसच्या साबात इस्लांबूली. धाकटीने ते चित्र मला मोबाइलवर पाठवले. कितीतरी वेळ मी बघत होते. तिघींच्या भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, ताटे वेगळी. ओकामीबाई १८८९ साली डॉक्टर झाल्या, इस्लांबूलीबाई १८९० साली. पुढे ओकामीबाई टोकियोच्या इस्पितळात काम करू लागल्या. पण बाई म्हणून जपानच्या सम्राटांनी त्यांच्याकडून तपासून घेण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. अमेरिकेतल्याच मूळ रहिवाशांपैकी, ओमाहा जमातीच्या, सुझन ला फ्लेश यासुद्धा १८८९ साली याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या. अशा मुलींना जवळ करणारे ते कॉलेज होते. शेगडीचा दोष सांगितला, तसा हा गुणही सांगितला पाहिजे.

तिसऱ्या वर्षी, १८८५ मध्ये, गोपाळराव ब्रह्मदेश, जपान असा प्रवास करीत अमेरिकेत येऊन पोचले. नवरा आला म्हणून आनंद झालाच असेल. पण ते भाषणे देत हिंडू लागले आणि ज्या समाजाच्या आश्रयाने बायको शिकत होती, त्याच समाजावर सडकून टीका करू लागले. त्यांची काही टीका खरीही असेल. पण ज्यांच्या घरी आपले माणूस ठेवले आहे त्यांना पंक्तीत बसून नावे ठेवली, तर त्या माणसाची काय अवस्था होते, हे आपण बायकांना कोणी समजावून सांगायला नको.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. एकविसावे वर्ष पुरे व्हायला वीस दिवस होते. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्या दिवशी त्या सभागृहात आपल्या दोन मराठी बायका होत्या, एक पदवी घेणारी आणि एक समुद्र ओलांडून टाळी वाजवायला आलेली. विक्टोरिया राणीनेही अभिनंदन कळवले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांनी आपल्या देशातच वैद्यकीचे शिक्षण पुरे केले. म्हणजे १८८६ हे साल दोन हिंदी डॉक्टरीणबाईंचे. पहिली कोण, या वादापेक्षा दोघी एकाच वर्षी उभ्या राहिल्या याचाच आनंद मानावा.

पदवीनंतर आनंदीबाई अनुभव घेण्यासाठी बॉस्टनच्या स्त्रियांच्या इस्पितळात गेल्या, पण तब्येतीने साथ दिली नाही. मधल्या काळात कोल्हापूर दरबाराकडून बोलावणे आले: आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाच्या मुख्य म्हणून या. केवढी मोठी गोष्ट! ९ ऑक्टोबर १८८६ रोजी 'एट्रुरिया' बोटीने नवराबायको न्यूयॉर्कहून निघाली. येताना एकटी आलेली मुलगी जाताना डॉक्टर होऊन, नवऱ्याबरोबर निघाली, पण आजार घेऊन. तो आजार क्षयाचा होता. क्षयाचा जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉक यांनी १८८२ सालीच शोधला होता, परंतु त्यावर गुणकारी औषध निघायला आणखी साठ वर्षे जायची होती. नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या. कोल्हापूरच्या जागेवर रुजू होणे काही झाले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे धाडण्यात आली. मावशीने ती न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी गावच्या दफनभूमीत आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली आणि वर दगड बसवला. तो दगड अजून आहे. कल्याणची मुलगी अखेर मावशीच्या माणसांत विसावली.

लोक म्हणतात, आनंदीबाईंनी एकाही रोग्याला औषध दिले नाही, मग त्या शिक्षणाचा उपयोग काय झाला? मला तसे वाटत नाही. दोनच वर्षांत, १८८९ साली, त्यांचे मराठी चरित्र निघाले. ते लिहिले काशीबाई कानिटकरांनी. काशीबाई स्वतः लग्नानंतर, लोकांची बोलणी खात वाचायला शिकल्या होत्या. त्याच १८८९ साली मुंबईच्या रखमाबाई वैद्यकी शिकायला लंडनला गेल्या आणि परत येऊन त्यांनी सुरत, राजकोट येथे कितीतरी वर्षे बायकांची सेवा केली. वाट एकदा मळली की दुसरीचे पाऊल धीटपणे पडते.

इथवर इतिहास झाला. आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली ते लिहिते.

आपल्या मंडळाचा विद्यार्थिनी मदत निधी आहे. दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून आपण तो उभा करतो. त्यातून गरजू मुलींना फी आणि पुस्तके देतो. दोन वर्षांमागे आपल्याच आळीतल्या एका मुलीने अर्ज केला होता. ती दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती. फी तिची माफ होती. तिने गादी, रजई आणि स्वेटर यांसाठी पैसे मागितले होते. कार्यकारिणीच्या सभेत अर्ज वाचला तेव्हा, "निधी शिक्षणासाठी आहे, अंथरुणा-पांघरुणासाठी नाही; नियमात बसत नाही," असे बोलणारी मीच होते. कोणी काही बोलले नाही आणि अर्ज बाजूला पडला. त्या मुलीने पुन्हा काही मागितले नाही. ती अजून रस्त्यात भेटली की हसून नमस्कार करते. मी मात्र हल्ली तिच्या डोळ्यांकडे पाहू शकत नाही.

आनंदीबाईंना शिष्यवृत्ती होती. फी कमी पडली नाही, पुस्तके कमी पडली नाहीत. कमी पडली ती चालणारी शेगडी, पोटाला मानवणारे जेवण आणि आज बरे वाटत नाही हे मोकळेपणाने सांगता येईल असे जवळचे माणूस. त्यांना क्षय कुठे आणि कसा जडला, हे मी अडाणी बाई काय सांगणार? परंतु थंडी, धूर आणि अर्धे पोट यांनी शरीराची ताकद जाते, एवढे कळायला सातवीसुद्धा लागत नाही. शिक्षण म्हणजे पुस्तक एवढेच नव्हे. ज्या अंथरुणावर मुलगी झोपते तेही शिक्षणच.

म्हणून या वर्षीच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. निधीचा चौथा हिस्सा मुलींच्या राहण्या-जेवण्याच्या आणि औषधपाण्याच्या अडचणींसाठी वेगळा ठेवावा. आणि बाहेरगावी शिकणाऱ्या प्रत्येक मुलीमागे आपल्यापैकी एकीने मावशी म्हणून राहावे. आठवड्यातून एकदा फोन करावा. मार्क विचारू नयेत. जेवलीस का, झोप लागते का, खोली कशी आहे, एवढेच विचारावे. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही, पदवी लागत नाही. कार्पेंटरबाईंनी तरी सुरुवात एका पत्रानेच केली होती.

त्या आळीतल्या मुलीकडे मी परवा स्वतः जाऊन आले. रजई घरचीच नेली, गेल्या वर्षी नवा कापूस भरून घेतलेली. तिने आधी नको म्हटले, मग घेतली. तिच्या आईने चहा केला. निघताना मुलगी म्हणाली, "मावशी, पुढच्या परीक्षेचा निकाल तुम्हांला आधी सांगीन." मी म्हटले, निकाल राहू दे बाई, थंडी वाजली तर आधी सांग.

लेखात काही चुकले असल्यास लहान बहीण समजून पदरात घ्यावे. सभेला मात्र सगळ्यांनी अवश्य यावे आणि ठरावाला हात वर करावा, ही विनंती.